मुंगसाला नागाचे विष का बाधत नाही

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, पावसाळा सरता सरता, मुंगूस आणि नाग समोरासमोर आलेले मी एकदा पाटाच्या कडेला उभे राहून पाहिले. मुंगसाचे केस पिंजारले होते, नागाने फणा काढला होता, आणि माझी छाती इतकी धडधडत होती की ठोके कानशिलांत ऐकू येत होते. नाग डसला तर मुंगूस रानात जाऊन मुंगूसवेलीची मुळी खाते, असे आमच्याकडची जुनी माणसे सांगतात. खरे कारण मात्र मुंगसाच्या स्नायूंत दडलेले आहे, आणि ते समजले की माझ्या छातीतल्या धडधडीचाही उलगडा होतो.

पेशी एकमेकींना रसायनांच्या रूपाने निरोप धाडतात. चेतातंतूच्या टोकाशी सुटून लगतच्या पेशीपर्यंत पोचणारी ती चेतापारेषके, आणि रक्तातून दूरवर जाणारी ती संप्रेरके. यांतील बहुतेक रसायने पेशीच्या आत शिरतच नाहीत. पेशीपटलात रोवलेले एक प्रथिन, म्हणजे ग्राही, त्यांना बाहेरच्या बाजूने धरते. त्या पकडीसरशी प्रथिनाचा आकार बदलतो आणि निरोप आत पोचतो. त्याचा अर्थ मात्र रसायनात नसून ग्राहीत असतो, आणि मला या विषयातली हीच सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते. एकच अ‍ॅड्रेनलीन हे संप्रेरक त्वचेतल्या रक्तवाहिन्या आवळते आणि फुप्फुसांतल्या श्वासनलिका सैल करते, कारण दोन्ही ठिकाणचे ग्राही वेगळे आहेत.

केंब्रिजचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन लँगली यांनी निकोटिन आणि क्युरारी हे बाणांना लावायचे विष यांचा स्नायूंवरील परिणाम अभ्यासून १९०५ साली असे अनुमान काढले की स्नायूत काहीतरी ग्रहण करणारा पदार्थ असलाच पाहिजे. तो प्रत्यक्ष हाती लागायला साठहून अधिक वर्षे लागली, आणि तो वेगळा काढताना मण्यारीच्या एका जातभाईचे विषच कामी आले.

आपण हात उचलतो तेव्हा चेतातंतूच्या टोकातून चेतापारेषक म्हणून अ‍ॅसिटिलकोलीन सुटते. स्नायूवरचा त्याचा ग्राही पाच तुकड्यांचा असून मधोमध बंद वाहिनी असते. अ‍ॅसिटिलकोलीनचे दोन रेणू आपापल्या खाचेत बसले की ती वाहिनी उघडते, सुमारे एक हजारांश सेकंदात हजारो सोडियम आयन आत धावतात आणि स्नायू आकुंचन पावतो. नागाच्या विषातील एक छोटे प्रथिन नेमके त्याच खाचेवर जाऊन बसते. ते अ‍ॅसिटिलकोलीनच्या सुमारे पन्नास पट वजनाचे असते, वाहिनी उघडत नाही आणि जागाही सहजासहजी सोडत नाही. म्हणून नाग डसलेल्या माणसाच्या पापण्या आधी जड होऊन मिटू लागतात, मग गिळता येईनासे होते आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. रुग्णालयात प्रतिविषाच्या जोडीला निओस्टिग्मीन देतात, कारण अ‍ॅसिटिलकोलीन तोडणारे विकर (एन्झाइम) त्याने काही काळ थांबते, अ‍ॅसिटिलकोलीन साचते आणि खाचेसाठी विषाशी टक्कर देऊ शकते. मण्यारीचे विष मुख्यतः चेतातंतूच्या टोकावरच घाला घालते, त्यामुळे तिथे या औषधाचा फारसा उपयोग होत नाही.

मुंगसाच्या ग्राहीत मात्र ही खाच किंचित वेगळी असते. इस्रायलमधील वैज्ञानिकांनी इजिप्तमधल्या मुंगसाचा ग्राही तपासून १९९२ साली दाखवले की त्या जागेची मोजकी अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनाचे घटक, बदललेली आहेत आणि एके ठिकाणी शर्करेची साखळी चिकटलेली आहे. विषाच्या रेणूला तिथे नीट बसता येत नाही, पण चिमुकल्या अ‍ॅसिटिलकोलीनला काहीच अडचण होत नाही. सापांच्या स्वतःच्या ग्राहींतही असेच बदल आढळले आहेत.

आता माझ्या छातीकडे वळू. नाग दिसताच मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींतून रक्तात अ‍ॅड्रेनलीन सुटले. हृदयातला त्याचा ग्राही वाहिनी नव्हे. तो पेशीपटलातून सात वेळा आरपार गेलेला प्रथिनाचा धागा आहे. अ‍ॅड्रेनलीन बसले की त्याची आतली बाजू उघडते आणि तिथे टेकलेले जी-प्रथिन जागे होते. एक ग्राही अशी अनेक जी-प्रथिने जागी करतो, त्यांच्यामुळे कार्यान्वित झालेले प्रत्येक विकर सायक्लिक एएमपी या पेशीतल्या निरोप्याचे भराभर रेणू बनवते, त्यांच्यामुळे आणखी एक विकर कामाला लागून कॅल्शियमच्या वाहिन्या अधिक उघडते, आणि हृदय जोराने व वेगाने धडधडते. रक्तातल्या मूठभर रेणूंनी एवढा गजर होतो तो या वाढत्या साखळीमुळे. यकृतात हेच सायक्लिक एएमपी साठवलेली साखर मोकळी करते. अर्ल सदरलँड यांना ते तिथेच गवसले आणि १९७१ साली त्याबद्दल नोबेल मिळाले. गजर थांबवण्याचीही सोय असते: जी-प्रथिन आपोआप शांत होते, सायक्लिक एएमपी तोडले जाते आणि अरेस्टिन नावाचे प्रथिन ग्राहीला झाकते.

माणसात जी-प्रथिने जागी करणाऱ्या या कुळातले सुमारे ८०० ग्राही आहेत आणि वापरातल्या औषधांपैकी जवळजवळ एक तृतीयांश औषधे त्यांच्यावर काम करतात. जेम्स ब्लॅक यांनी शोधलेले प्रोप्रॅनोलॉल, म्हणजे रक्तदाबासाठी आणि हृदयविकारासाठी पूर्वापार दिले जाणारे बीटा ब्लॉकर, हृदयातल्या अ‍ॅड्रेनलीनच्या खाचेत बसून नुसतीच जागा अडवते. नागाचे विष स्नायूत करते तेच, पण मोजून मापून आणि सुटण्याजोगे.

नाग दिसला तेव्हा रक्तात वाढलेले कॉर्टिसोल हे संप्रेरक मात्र पेशीबाहेरच राहण्याच्या नियमाला अपवाद आहे. ते स्निग्ध असल्याने पेशीपटलातून सरळ आत जाते. त्याचा ग्राही आत वाट पाहत असतो, आणि दोघे मिळून केंद्रकात जाऊन ठरावीक जनुके चालू किंवा बंद करतात. नवी प्रथिने तयार व्हायला वेळ लागतो. मुंगूस सुपारीच्या झाडांआड दिसेनासे झाले आणि काही मिनिटांत माझी छाती शांत झाली, पण कॉर्टिसोलने सुरू केलेले काम पेशींत त्यानंतरही कित्येक तास चालू राहिले असणार.