रागावल्यावर गणित का विसरतं?

"वह्या काढा, तारीख टाका, बाराव्या पानावरचं तिसरं गणित सोडवा." यावल-रावेरकडच्या कुठल्याही शाळेत चौथीच्या वर्गाला हे एका दमात सांगून बघा. वही निघते, तारीख पडते आणि मग दोन-चार पोरं शेजारच्याच्या वहीत डोकावू लागतात. लगेच आवाज चढतो, "तुनं ध्यान कथा शे रे?" (तुझं लक्ष कुठे आहे रे?) पोरगं आळशी, हा शिक्का तिथल्या तिथे बसतो.

आळसाचा इथे बहुतेक वेळा संबंध नसतो. सांगितलेलं डोक्यात धरून ठेवणं, मधेच आलेली ऊर्मी आवरणं आणि गरजेप्रमाणे पद्धत बदलणं, या तिन्हींना मिळून कार्यकारी क्षमता म्हणतात. त्यांचा कारभार मुख्यतः मेंदूच्या कपाळामागच्या भागाकडे, म्हणजे प्रीफ्रंटल कॉर्टेक्सकडे असतो आणि हा भाग पंचविशीपर्यंत घडत राहतो.

आता खरी गंमत. 1971 साली मेंदूचे अभ्यासक होआकिन फुस्टर यांनी माकडाला खाऊ कुठे ठेवला ते दाखवून मध्ये पडदा टाकला. खाऊ दिसेनासा झाला, तरी प्रीफ्रंटलमधल्या काही पेशी संदेश सोडतच राहिल्या. 'बारावं पान' डोक्यात टिकतं ते असंच, पेशींनी एकमेकींना जागतं ठेवल्यामुळे. येल विद्यापीठाच्या एमी आर्नस्टन यांनी पुढचा भाग उलगडला. नॉरएपिनेफ्रिन हे मेंदूतलं रसायन बेताचं असेल तर ते पेशीवरच्या अल्फा-टू-ए ग्राहकांवर (रसायन धरणाऱ्या रेणूंवर) बसतं, सायक्लिक एएमपी हा पेशीच्या आतला निरोप्या रेणू कमी होतो आणि जोडण्या घट्ट राहतात. भीतीने नॉरएपिनेफ्रिन आणि डोपामिन हे दुसरं रसायन फार वाढलं की सायक्लिक एएमपी चढतं, पोटॅशियमच्या वाहिन्या उघडतात आणि संदेश वाटेतच विरतो. पाटचारी फुटल्यावर टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या शेताला पाणी पोचत नाही, तशातली गत. म्हणजे वर्गासमोर उभं करून झापलं, की जे आठवायला हवं तेच पुसलं जातं.

मध्यमेंदू जागवून मुलांना डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवतो म्हणणाऱ्या 'मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन'वाल्यांना हे कुणीतरी सांगायला हवं. मध्यमेंदूचं काम डोळ्यांच्या हालचाली, आवाजाकडे मान वळणं असलं. पट्टी बांधून वाचणारी मुलं नाकाजवळच्या फटीतून बघतात, एवढीच ती विद्या! मोबाइलवरच्या 'ब्रेन गेम'नेही मूल मुख्यतः त्या खेळातच तरबेज होतं; अभ्यासात त्याचा फारसा उपयोग दिसलेला नाही.

शाळेत करण्याजोगं त्यापेक्षा साधं आहे. सूचना एकेक द्यावी आणि फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावी, म्हणजे डोक्यावरचा भार फळ्यावर जातो. काम झालं की मुलाने स्वतः बरोबरची खूण करावी. 'अडलो तर आधी उदाहरण बघेन, मग बाईंना विचारेन' असं जर-तरचं वाक्य त्याच्याकडून आधीच ठरवून घ्यावं. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांच्या प्रयोगांत अशा नेमक्या ठरावाने काम तडीस जाण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं. मुलं रुळली की फळ्यावरच्या ओळी हळूहळू कमी कराव्यात. कापूस वेचणीच्या दिवसांत गैरहजर राहून परतलेल्या मुलासाठी मात्र त्या पुन्हा पहिल्यापासून लिहाव्या लागतात.