ऑरेक्सिन, झोपेची गोळी आणि १० मिलिग्रॅमचा वाद

मेलाटोनिन (झोपेचं हार्मोन) आणि कॉफीचं गणित आता सगळ्यांना माहीत आहे, पण झोपेच्या संशोधनाला खरं वळण दिलं ते ऑरेक्सिनने, म्हणजे आपल्याला जागं ठेवणाऱ्या मेंदूतल्या रसायनाने. पहिल्या महायुद्धाच्या काळात मेंदूच्या सुजेची साथ आली होती, तेव्हा व्हिएन्नातल्या एका डॉक्टरने दगावलेल्या पेशंटचे मेंदू तपासून सांगितलं की हायपोथॅलॅमसचा (मेंदूच्या तळाशी असलेल्या एका छोट्या भागाचा) मागचा भाग बिघडला की माणूस झोपूनच राहतो आणि पुढचा बिघडला की झोप उडते. तिथलं हे रसायन हाती लागायला मात्र १९९८ उजाडलं, आणि आधी ते भुकेचं वाटलं.

मग १९९९ मध्ये ऑरेक्सिन नसलेल्या उंदरांचं रात्री इन्फ्रारेड कॅमेऱ्याने शूटिंग केलं, तर चांगले फिरणारे उंदीर मधेच धपकन आडवे होताना दिसले. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात नार्कोलेप्सी (दिवसा अचानक झोप येण्याचा आजार) असलेल्या डॉबरमन कुत्र्यांमध्ये ऑरेक्सिनचाच रिसेप्टर, म्हणजे त्याचा सिग्नल पकडणारा भाग, बिघडलेला सापडला, आवडीचं खाणं समोर आलं की आनंदानेच त्यांचे पाय लुळे पडायचे. २००० मध्ये माणसांतही तेच निघालं, नार्कोलेप्सीच्या पेशंटच्या मेंदूत ऑरेक्सिन बनवणाऱ्या पेशी जवळजवळ संपलेल्याच.

मग उलटा विचार सुरू झाला, की जागं ठेवणारा हा सिग्नलच रात्रीपुरता अडवला तर? झोपेच्या जुन्या गोळ्या गाबाचा (मेंदू शांत करणाऱ्या रसायनाचा) जोर वाढवून अख्खा मेंदू मंद करतात, ही नवी गोळी तसं करणार नव्हती. सुवोरेक्सांट नावाचं असं औषध तयार झालं आणि २०१३ मध्ये अमेरिकेत डोसवरून चांगलंच वाजलं. कंपनीला ४० मिलिग्रॅमपर्यंत परवानगी हवी होती, १० ने फारसा फरक पडत नाही असं तिचं म्हणणं. औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी नियामकाचं म्हणणं, औषध अर्धं कमी व्हायलाच साधारण १२ तास लागतात, मग सकाळी गाडी चालवणाऱ्याचं काय? शेवटी २०१४ मध्ये सुरुवात १० ने आणि कमाल २० असं ठरलं. बऱ्याच लोकांना हा अतिसावधपणा वाटला, पण मला तरी निर्णय बरोबरच वाटतो, कारण निद्रानाशाने कंटाळलेला माणूस डोस स्वतःहून वाढवतोच आणि सकाळची सुस्ती त्याची त्याला कळतही नाही.

नार्कोलेप्सीवाल्यांना मात्र याच्या बरोबर उलटं औषध हवं होतं, ऑरेक्सिनचं काम करणारं, आणि त्यांच्याकडे लक्ष फार उशिरा गेलं. अशा एका गोळीची ट्रायल २०२१ मध्ये लिव्हरवर परिणाम दिसल्याने थांबवावी लागली, पुढच्या गोळीच्या मोठ्या ट्रायलचे निकाल २०२५ मध्ये चांगले आले.