खाडा पडला म्हणून रतीब तुटत नाही

आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या बाजूला कॅलेंडर टांगलेलं असतं आणि त्यावर दुधाचे खाडे मांडलेले असतात. ज्या दिवशी दूध घेतलं नाही, त्या तारखेवर पेन्सिलीची फुली. महिनाअखेर फुल्या मोजायच्या, तेवढ्या दिवसांचे पैसे वजा करायचे, उरलेले द्यायचे. माझी आई हेच करायची, तिची आईही.

गेल्या जूनपासून त्याच चौकटींत मी आणखी एक खूण करू लागले. सकाळी पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढून आले की तारखेखाली हिरवा ठिपका. जून, जुलै, ऑगस्ट ठिपक्यांनी भरले. गणपतीत चार दिवस सुटले, तेही भरून निघाले. मग दिवाळीचे पाहुणे आले, पाठोपाठ ताप आला आणि सलग सोळा चौकटी कोऱ्या राहिल्या. सतराव्या दिवशी पहाटे साडेपाचला गजर वाजला. तो बंद करताना मनात आलं, ‘आता काय उपयोग? सगळं मुसळ केरात.’

त्याच सकाळी दुधाचा हिशेब करायला कॅलेंडरसमोर उभी राहिले आणि दोन्ही खुणा एकदम डोळ्यांसमोर आल्या. दुधाचे पाच खाडे होते. म्हणून रतीबच बंद करावा असं माझ्या मनात कधी आलेलं नाही. पाच दिवसांचे पैसे वजा केले की विषय संपतो. व्यायामाच्या बाबतीत मात्र आपण खाडा पडला की रतीबच तोडतो, वर स्वतःला चार शब्द सुनावतो. खाड्याचा हिशेब शरीर नेमका कसा करतं आणि मन कसा करतं, यावर बरंच संशोधन झालेलं आहे. ते वाचल्यावर माझा स्वतःशी बोलण्याचा सूर बदलला, म्हणून हे लिहिते आहे.

आधी शरीराचं पाहू. १९८४ साली एडवर्ड कॉइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहनशक्तीचा व्यायाम नियमित करणाऱ्या सात जणांना सराव पूर्ण बंद करायला लावला आणि त्यांच्या शरीरात काय बदलतं ते मोजलं. जोरात व्यायाम करताना शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, हे दमसासाचं एक खात्रीचं माप. पहिल्या २१ दिवसांत ते ७ टक्क्यांनी उतरलं. पुढे ५६ दिवसांच्या सुमारास ते मूळ पातळीच्या १६ टक्के खाली येऊन स्थिरावलं. तीन आठवडे काहीच केलं नाही, तरी घट ७ टक्क्यांची! आपल्या मनातला आकडा शंभराच्या आसपास असतो.

मग तीन आठवड्यांनी जिना चढताना इतका दम का लागतो? याचं मोठं कारण रक्तात आहे. व्यायाम सुरू असला की रक्तातला पाण्याचा भाग, म्हणजे रक्तद्रव, वाढलेला असतो. हृदयाच्या एकेका ठोक्यात जास्त रक्त पुढे ढकललं जातं, त्यामुळे तेवढ्याच कामाला कमी ठोके पुरतात. व्यायाम थांबला की काही दिवसांतच हा जादा रक्तद्रव कमी होतो. प्रत्येक ठोक्यात जाणारं रक्त घटतं आणि तेवढ्याच पायऱ्यांना हृदयाला जास्त वेळा धडधडावं लागतं. साठाव्या पायरीवर छाती भरून येते तेव्हा आपल्याला वाटतं, कमावलेलं सगळं गेलं. खरं तर पहिल्यांदा ओसरलेली ही गोष्ट सगळ्यात आधी परतही येते. पुन्हा चालायला लागलं की रक्तद्रव दिवसांच्या हिशेबात वाढतो.

स्नायूंची गोष्ट तर मला फार दिलासा देणारी वाटते. इंग्लंडमधल्या कील विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी २०१८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. पूर्वी वजनांचा व्यायाम न केलेल्या आठ पुरुषांनी सात आठवडे व्यायाम केला, पुढचे सात आठवडे तो बंद ठेवला आणि मग पुन्हा सात आठवडे केला. दर टप्प्याला त्यांच्या मांडीच्या स्नायूचा अगदी छोटा तुकडा काढून तपासला गेला. मधल्या खंडात कमावलेले स्नायू जवळजवळ पहिल्या जागी आले होते, हे दिसायलाच वाईट. पण तिसऱ्या टप्प्यात स्नायूंची वाढ पहिल्या वेळेपेक्षा जास्त झाली. पेशींमधल्या डीएनएवर काही रासायनिक खुणा असतात, कोणतं जनुक चालू ठेवायचं नि कोणतं बंद, हे ठरवायला त्या मदत करतात. पहिल्या व्यायामाने बदललेल्या यातल्या काही खुणा सुट्टीतही तशाच राहिल्या होत्या. स्नायू बारीक झाला होता, पण मेहनत विसरला नव्हता.

शरीराचा हिशेब असा दूधवाल्यासारखा सरळ आहे. गोंधळ मनाच्या हिशेबात आहे.

‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण आपण हसत हसत वापरतो, पण तिच्यामागचं मानसशास्त्र १९७५ मध्ये पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी प्रयोगात पकडलं. त्यांनी विद्यार्थिनींना चवीच्या अभ्यासासाठी म्हणून बोलावलं. काहींना आधी एक मिल्कशेक दिला, काहींना दोन, काहींना काहीच नाही. नंतर समोर आइस्क्रीम ठेवलं. जिभेवर फारसा लगाम न ठेवणाऱ्या मुलींनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं, पोट भरलं होतं म्हणून. ज्या एरवी घास मोजून खायच्या, त्यांचं उलट झालं. मिल्कशेक पोटात गेल्यावर त्यांनी आइस्क्रीम जास्त खाल्लं. नियम एकदा मोडलाच, मग आता राखायचं काय? इथे भूक बाजूला राहते आणि ‘मोडलं’ ही भावना खायला लावते.

चतुर्थीच्या उपासाला चुकून बिस्किट तोंडात गेलं की ‘आता मोडलाच आहे तर जेवूनच घेते’ असं घरोघरी ऐकू येतं. व्यायामातही तेच. सोमवार बुडाला की मंगळवार-बुधवार आपोआप बुडतात, आणि नव्या सुरुवातीसाठी पुढचा सोमवार, मग एक तारीख, मग पाडवा शोधला जातो.

यावर उतारा काय, हे २००७ साली क्लेअर अॅडम्स आणि मार्क लिअरी यांनी पाहिलं, आणि तो प्रयोग मला या सगळ्या विषयातला सर्वांत सुंदर वाटतो. त्यांनीही तरुणींना बोलावलं आणि आधी एक डोनट खायला दिला. त्यानंतर काही जणींशी प्रयोग घेणारी व्यक्ती दोन वाक्यं जास्त बोलली. आशय साधारण असा: डोनट खाल्ल्याचं अनेकींना वाईट वाटतं, पण इथे सगळ्याच तो खातात, तेव्हा स्वतःला फार बोल लावू नकोस. बाकीच्यांना हे सांगितलं गेलं नाही. मग सगळ्यांसमोर गोळ्या-चॉकलेटचे वाडगे ठेवले, चव घेऊन मत सांगा, हवं तेवढं खा. वाडग्यांचं वजन आधी आणि नंतर केलं होतं. एरवी खाण्यावर कडक पहारा ठेवणाऱ्या ज्या मुलींनी ती दोन वाक्यं ऐकली होती, त्यांनी न ऐकलेल्यांपेक्षा कमी गोळ्या खाल्ल्या.

कमी खाल्ल्या! आपला अंदाज अगदी उलट असतो. माया केली तर लेक बिघडेल, पाठ थोपटली तर पोरगं शेफारेल, हे आपल्या हाडीमासी भिनलेलं आहे. ‘छडी लागे छमछम’ संस्कार शाळेपुरता राहिलेला नाही, तो आपण आरशासमोरही चालवतो. ‘किती ढिली आहेस तू’, ‘तुझ्याच्याने होणार नाही’. मैत्रिणीचा व्यायाम महिनाभर बुडाला तर तिला आपण हे कधीही म्हणणार नाही. तिला म्हणू, ‘अगं, तुझ्या घरी आजारपण होतं, कसं जमणार होतं? उद्या येतेस का, दोघी जाऊ.’

टेक्सास विद्यापीठातल्या क्रिस्टिन नेफ यांनी २००३ पासून ‘स्वतःविषयीची करुणा’ ही कल्पना मोजमापात आणली. तीत तीन गोष्टी येतात. स्वतःशी मायेने बोलणं, चुकणं-थकणं हे सगळ्यांच्याच वाट्याला येतं याची जाणीव, आणि दुःख फुगवून किंवा दाबून न टाकता जसं आहे तसं पाहणं. यात सवलत कुठेच नाही. अमेरिकेतल्या बर्कली इथल्या विद्यापीठातल्या ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांनी २०१२ मध्ये हेच तपासलं. विद्यार्थ्यांना शब्दांची अवघड परीक्षा दिली, बहुतेकांना ती जड गेली. एका गटाला सांगितलं, असं अनेकांचं होतं, स्वतःला टाकून बोलू नका. दुसऱ्या गटाची स्तुती केली, तुम्ही हुशार आहातच, नाहीतर इथे प्रवेश कसा मिळाला असता. मग दुसऱ्या परीक्षेच्या तयारीला हवा तेवढा वेळ दिला. स्वतःकडे मायेने पाहायला सांगितलेल्या गटाने जास्त वेळ अभ्यास केला. कौतुकाने तेवढं साधलं नाही. मला वाटतं याचं कारण असं, की शरमलेला माणूस स्वतःला वाचवण्यात गुंततो. तो कॅलेंडरकडे बघत नाही, वजनकाटा पलंगाखाली सरकवतो, चालणाऱ्या मंडळींना टाळायला रस्ता बदलतो. शरम नसली की चूक सरळ बघता येते.

सवयीबद्दलही एक गैरसमज डोक्यात बसलेला असतो, २१ दिवसांत ती लागते असा. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोजची एक नवी गोष्ट निवडायला सांगून बारा आठवडे त्यांच्या नोंदी घेतल्या. सवय अंगवळणी पडायला लागणारा काळ मधोमध ६६ दिवसांचा निघाला, पण कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणासाठी हिशेब २५४ दिवसांपर्यंत गेला. पाणी पिण्यासारख्या साध्या सवयी लवकर मुरल्या, व्यायामाच्या उशिरा. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातली मला महत्त्वाची वाटणारी नोंद वेगळीच आहे: मधला एखादा दिवस चुकल्याने सवय घडण्याच्या गतीत म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

वजनकाट्याबद्दल थोडं. यकृतात आणि स्नायूंत साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठते आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी थांबतं. फराळाच्या दोन दिवसांनंतर काटा दीड किलोने वर गेला तर त्यात बहुतेक हे पाणी असतं, शिवाय चकली-चिवड्यातल्या मिठाने धरून ठेवलेलं. बायकांमध्ये पाळीच्या आधीही तेच. एक किलो चरबी चढायला गरजेपेक्षा सुमारे ७,७०० कॅलरी जास्त खाव्या लागतात, ते एका रात्रीत होत नाही. उलट, काटा हलला नाही तरी आजच्या चालण्याचा फायदा झालेलाच असतो: काम केलेले स्नायू रक्तातली साखर पुढचा दिवस-दीड दिवस जास्त सहज उचलतात. काट्याला ते दिसत नाही, एवढंच.

आणि शेजारणीच्या शरीराशी आपण करतो ती तुलना? त्याबद्दल पुण्यातच झालेलं एक काम सांगायलाच हवं. केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. शेजारी शेजारी उभे दोघे. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, बीएमआय, दोघांचाही २२.३, अगदी दशांशासकट सारखा. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. याज्ञिक आणि त्यांचे सहकारी पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून गरोदर माता आणि त्यांच्या बाळांचा मागोवा घेत आले आहेत. त्यांना दिसलं की आपली बाळं वजनाने लहान जन्मतात, पण त्या लहानखुऱ्या अंगातही चरबी टिकून असते. उणीव पडते ती स्नायूंत. म्हणजे आपल्या शरीराची ठेवण कशी असेल, याचा काही भाग आपण पहिला श्वास घेण्याआधीच ठरलेला असतो. त्यात आईचं पोषण येतं, आजीचे हाल येतात. ज्या पोटाला आपण आरशात नावं ठेवतो, त्याच्यामागे एवढा मोठा इतिहास असतो.

याचा दुसरा अर्थही तितकाच खरा आहे. बारीक दिसणाऱ्यांनी निर्धास्त राहू नये. साखर, रक्तदाब तपासत राहावं. शरीराचा स्वीकार म्हणजे त्याच्याकडे पाठ फिरवणं नव्हे. तापातून उठल्यावर भार कमी ठेवणं, छातीत दुखलं तर थांबून डॉक्टरांना गाठणं, हेही मायेतच आलं.

अठराव्या दिवशी मी गेले. पन्नास-साठ पायऱ्यांवरच धाप लागली आणि कठड्याला टेकून उभी राहिले. रक्तद्रव, मी मनात म्हटलं, परत येईल. रोज दिसणाऱ्या, सत्तरीच्या पुढच्या एक बाई काठी टेकत वर येत होत्या. त्यांचं नाव मला ठाऊक नाही. त्या माझ्यापाशी थांबल्या.

“बऱ्याच दिवसांत दिसला नाहीत?”

“पाहुणे होते, मग ताप आला. सगळं बुडालं हो.”

“होतं असं,” त्या म्हणाल्या. “पावसाळ्यात मी महिनाभर आलेच नव्हते, गुडघ्याने. बसा पाच मिनिटं, मग सावकाश जाऊ.”

आम्ही दोघी पायरीवर बसलो.