आठ डॉलरपासून ग्रीन कार्डाच्या रांगेपर्यंत

२०२५ च्या सप्टेंबरात, पितृपक्ष संपता संपता, अमेरिकेतून सुट्टीवर भारतात आलेल्या अनेकांनी रजा अर्धी टाकून बॅगा भरल्या. शुक्रवारी, १९ तारखेला, तिथल्या अध्यक्षांनी एच-१बी, म्हणजे शिकलेल्या परदेशी माणसांना तिथे काही वर्षं नोकरी करू देणाऱ्या व्हिसाच्या अर्जावर एक लाख डॉलर शुल्क लावणारा आदेश काढला होता. रविवारपासून तो लागू होणार होता. आधीपासून व्हिसा असलेल्यांचं काय, हे कुणालाच नीट उमगत नव्हतं. शुल्क फक्त नव्या अर्जांना आहे, हा खुलासा शनिवारी आला; तोवर मिळेल त्या भावाने तिकिटं काढून झाली होती. सोमवारी घटस्थापना होती.

त्या दिवसांत एक जुनं वाक्य पुन्हा कानावर आलं: ‘पैशासाठी गेले ना, मग आता भोगा.’ हे वाक्य मला लागतं, कारण ते अर्धवट आहे. पैसा होताच, तो कुणी नाकारत नाही. पण आपले डॉक्टर आणि इंजिनिअर कधी गेले, किती गेले आणि कुणाला जाता आलं, हे दर वेळी दोन गोष्टींनी ठरवलं: तिकडचा एखादा कायदा आणि इकडची एखादी अडचण.

स्वातंत्र्याआधी रिवाज होता तो शिकायला जायचा आणि परत यायचा. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या आणि त्याच वर्षी मायदेशी परतल्या. कोल्हापूरच्या दवाखान्यात त्यांची नेमणूक झाली होती. आजाराने ती हाती लागू दिली नाही. डॉ. आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर, परतल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानाची चाकरी करायच्या करारावर. १९१७ मध्ये ते तो करार पाळायला बडोद्याला गेले. त्यांना राहायला कुणी जागा देईना. पारशी सराईत नाव बदलून राहावं लागलं आणि तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढलं. थोड्याच दिवसांत त्यांनी बडोदा सोडलं. बुद्धिमान माणूस परत आला तर देश त्याला कसं वागवतो, हा प्रश्न या विषयात पगाराच्याही आधीचा आहे, असं मला वाटतं.

अमेरिकेत कायम राहण्याचा तेव्हा प्रश्नच नव्हता. १९१७ च्या कायद्याने आशियातून येणाऱ्यांना जवळजवळ बंदी केली. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात भारतीयांना नागरिकत्व मिळू शकत नाही, असा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. १९४६ मध्ये दार किलकिलं झालं ते वर्षाला १०० भारतीयांपुरतं.

म्हणून स्वातंत्र्यानंतरची पहिली मोठी रीघ लागली ती इंग्लंडकडे. १९४८ मध्ये तिथे सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली आणि डॉक्टर कमी पडू लागले. आपली वैद्यकीय महाविद्यालयं इंग्रजांच्याच साच्यातली, पदव्या तिथे मान्य. मुंबईच्या ग्रँट मेडिकलमधून किंवा के.ई.एम.मधून निघालेल्या डॉक्टरला भाषा आणि पुस्तकं ओळखीची होती. एफ.आर.सी.एस. ही शल्यविशारदाची पदवी करून येतो, असं सांगून निघालेले कितीतरी जण तिथल्या लहान गावांत रमले. १९७५ मध्ये तिथल्या वैद्यक परिषदेने भारतीय पदव्यांची सरसकट मान्यता काढून घेतली आणि नव्याने येणाऱ्यांना परीक्षा आली.

तोवर अमेरिकेचं दार उघडलं होतं. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी बसून नव्या स्थलांतर कायद्यावर सही केली. वंशावर बेतलेले जुने कोटे गेले, एका देशाला वर्षाला २० हजारांची मर्यादा आली आणि शिकलेल्या व्यावसायिकांसाठी वेगळा प्राधान्यगट ठेवला गेला. त्याच वर्षीच्या जुलैत मेडिकेअरचा कायदा झाला होता; वृद्धांचे उपचार सरकारी खर्चाने व्हायचे, तर डॉक्टर लागणार होते. या दोन सह्यांमध्ये दोन महिन्यांचंच अंतर होतं. आपल्याकडे त्या वेळी कुणाला कल्पनाही नसेल की पुढे गिरगाव, दादर, डोंबिवली आणि पुण्याच्या सदाशिव पेठेतली किती घरं या सह्या बदलून टाकणार आहेत.

इकडची अडचण अशी. खरगपूर (१९५१), मुंबई (१९५८), मद्रास आणि कानपूर (१९५९), दिल्ली (१९६१) अशा आयआयटी उभ्या राहिल्या. इंजिनिअर तयार होऊ लागले. पण १९६५ आणि १९६६ असे सलग दोन दुष्काळ, त्यात युद्ध, सरकारी गुंतवणूक आटलेली. पदवी हातात घेऊन मुलं नोकरीसाठी चपला झिजवत होती. ६ जून १९६६ ला रुपयाचं अवमूल्यन झालं. डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसातवर गेला. म्हणजे तिकडे जाणं महाग झालं आणि तिकडून आलेला डॉलर इथे अचानक मोठा झाला.

संशोधकांची तऱ्हा आणखी वेगळी. हरगोविंद खोराना १९४९ मध्ये युरोपातून परत आले होते. फाळणीत घर गेलेलं, आणि इथे काम मिळेना. ते केंब्रिजला गेले, मग कॅनडा, मग अमेरिका. १९६८ मध्ये नोबेल मिळालं. परतणाऱ्या शास्त्रज्ञांना कायमची जागा मिळेपर्यंत तात्पुरता आधार द्यावा म्हणून सरकारने १९५८ मध्ये ‘सायंटिस्ट्स पूल’ काढला होता. हेतू चांगलाच होता. पण तात्पुरत्या जागेवर बसलेल्या माणसाला पुढे कायमची प्रयोगशाळा लागते, आणि ती पुरेशी नव्हती.

जाणंही सोपं नव्हतं. १९६७ पर्यंत पासपोर्ट देणं न देणं सरकारच्या मर्जीवर होतं. त्या वर्षी सतवंतसिंग साहनी यांच्या खटल्यात, परदेशी जाणं हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आणि त्यापाठोपाठ पासपोर्ट कायदा आला. मग रिझर्व्ह बँकेचा ‘पी फॉर्म’. त्या मंजुरीशिवाय तिकीट निघत नसे. परकीय चलनाची इतकी तंगी, की प्रवाशाला जवळ बाळगायला मिळत ते आठ डॉलर. त्या पिढीतल्या कुणाशीही बोला, आठ डॉलरचा विषय निघतोच. वडिलांनी प्रॉव्हिडंट फंडातून काढलेलं तिकीट, एक सूटकेस, त्यात गोडा मसाला आणि मेतकूट, आणि खिशात इतकेच पैसे की विमानतळावर न्यायला कुणी आलं नाही तर हॉटेलात एक रात्रही धड निघू नये. घरी खुशाली कळे ती निळ्या एरोग्रामने. कडेच्या घड्यांवरही बारीक अक्षरात मजकूर असायचा, आणि घाईत चुकीच्या बाजूने फाडला तर नेमका तोच जायचा.

ही माणसं स्थिरावली, तशी मंडळं उभी राहिली. लंडनला महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनच होतं. उत्तर अमेरिकेतल्या मंडळांचं मिळून बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ मध्ये झालं. इथे मात्र ‘ब्रेन ड्रेन’, म्हणजे बुद्धीची गळती, हा शब्द शिवीसारखा वापरला जाऊ लागला होता. मुळात तो १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये निघाला, इंग्रज शास्त्रज्ञ अमेरिकेला जातात म्हणून. मुंबईत वाढलेले अर्थतज्ज्ञ जगदीश भगवती यांनी १९७० च्या दशकात एक सूचना मांडली: बाहेर गेलेल्यांच्या उत्पन्नावर कर लावावा आणि तो त्यांच्या मूळच्या गरीब देशांच्या विकासाला द्यावा. ती अमलात आली नाही. मला ती आजही विचार करण्याजोगी वाटते, कारण तिच्यात जाणाऱ्याला दोष नव्हता. शिक्षणाचा खर्च कुणी केला आणि फायदा कुणाला झाला, याचा हिशेब होता.

डॉक्टरांसाठी अमेरिकेने १९७६ मध्ये दार बरंच ओढून घेतलं. पुढची लाट संगणकाची. टीसीएस ही सॉफ्टवेअर कंपनी १९६८ पासून मुंबईत होती, निर्यातीसाठी उभारलेलं अंधेरीचं सीप्झ १९७३ चं. इथले प्रोग्रामर तिकडे ग्राहकाच्या कचेरीत बसून काम करू लागले. १९९० च्या कायद्याने एच-१बी व्हिसा आणला, वर्षाला ६५ हजार. मग वाय-टू-के आलं, दोन हजार साल उजाडताना संगणक तारखा चुकवतील अशी धास्ती. कोटा वाढत वाढत १ लाख ९५ हजारांवर गेला आणि २००४ मध्ये परत ६५ हजारांवर आला. ब्रीच कँडीच्या लिंकन हाऊसमधल्या अमेरिकन वकिलातीबाहेर, भुलाभाई देसाई रस्त्यावर, पहाटेपासून फाइल छातीशी धरून उभी असलेली मुलं ज्यांनी पाहिली, त्यांना त्या वर्षांचं वेगळं वर्णन करायला नको. २०११ मध्ये वकिलात वांद्रे-कुर्ला संकुलात गेली.

या लाटेत आणि आठ डॉलरवाल्या पिढीत एक मोठा फरक आहे, आणि तो फारसा बोलला जात नाही. जुन्या पिढीतले अनेक जण ग्रीन कार्ड, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, घेऊनच उतरले. नवी पिढी उतरली तात्पुरत्या व्हिसावर. नोकरीच्या आधारावर वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार ग्रीन कार्डं मिळतात, त्यात कुटुंबातली माणसंही मोजली जातात, आणि एका देशाला साधारणपणे सात टक्क्यांहून जास्त नाहीत. म्हणजे भारताला ९८०० च्या आसपास, आइसलँडला जी मर्यादा तीच आपल्याला. २०२५ च्या अखेरीस भारतीयांच्या मुख्य रांगांमध्ये २०१३ साली अर्ज केलेल्यांची पाळी आली होती. तोवर नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधायची. जोडीदाराला तर २०१५ पर्यंत कामच करता येत नसे. एम.बी.बी.एस. झालेल्या, सी.ए. झालेल्या मुली तिथे वर्षानुवर्षं घरात बसल्या. हे त्यांचं गेलेलं आयुष्य कुठल्याच आकड्यात येत नाही.

आता या रांगेतल्या घरांत मुलं मोठी झाली आहेत. तान्ही असताना गेलेलं मूल एकवीस वर्षांचं झालं की साधारणपणे आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडतं. मग परदेशी विद्यार्थ्याचा व्हिसा काढायचा, किंवा देश सोडायचा. त्याची शाळा तिथली, मित्र तिथले, मराठी रविवारच्या शाळेतलं. नाशिकला किंवा सांगलीला आजीकडे ते दोन-तीन वर्षांनी एकदा, तीन आठवड्यांसाठी येतं.