स्टोक रोची विहीर: काशीनरेशाचं पाणी चिल्टर्नच्या टेकडीवर

ऑक्सफर्डशायरच्या चिल्टर्न टेकड्यांवर स्टोक रो हे लहानसं गाव आहे. इथलं चकमकीच्या दगडांचं चर्च १८४६ सालचं. पण लोक थबकतात ते रस्त्यालगतच्या एका घुमटापाशी. खाली लोखंडी खांब, वर घुमट आणि मधल्या रहाटावर चक्क सोनेरी हत्ती. इंग्लंडच्या खेड्यात हत्ती कुठून आला?

सुरुवात पाण्यापासून करावी लागते. चिल्टर्नची जमीन खडूची. पाऊस पडला की पाणी थेट खोल मुरतं. वरच्या चिकणमातीच्या खड्ड्यांत साचेल तेवढंच हाती लागायचं, आणि उन्हाळ्यात तेही आटायचं. त्यात हे गाव धड एका पॅरिशचं, म्हणजे एका चर्चच्या कारभाराखालच्या हद्दीचं, नव्हतं. थेम्सकाठच्या पॅरिशांच्या हद्दी लांब पट्ट्यांसारख्या टेकडीवर चढत गेलेल्या, आणि स्टोक रो अशा पट्ट्यांच्या वरच्या टोकाला विभागलेलं. मुख्य वस्ती नदीकाठी असल्यावर टेकडीवरच्यांची तहान कोणाला जाणवणार?

शेजारच्या इप्सडेनचे एडवर्ड रीड हिंदुस्थानात कंपनी सरकारचे अधिकारी होते. आझमगडला त्यांनी १८३१ मध्ये विहीर खोदवून घेतली होती. काशीनरेश ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांच्याशी त्यांचा स्नेह जमला. चिल्टर्नमधल्या आपल्या मुलुखात घरातलं शेवटचं पाणी प्यायल्याबद्दल एका पोराला आईचा मार बसला, ही हकिगत रीड यांनी महाराजांना सांगितली होती. रीड मायदेशी परतल्यावर महाराजांनी स्टोक रोसाठी विहिरीचा खर्च देऊ केला. गोष्ट दानाची आहेच, पण १८५७ मध्ये हे महाराज इंग्रजांच्या बाजूने उभे राहिले होते, हेही विसरून चालणार नाही. धर्म आणि राजकारण एकाच रहाटाला बांधलेले होते, असं मला वाटतं.

मार्च १८६३ मध्ये खोदकाम सुरू झालं. रुंदी जेमतेम ४ फूट, खोली ३६८ फूट, आणि सगळं हातानं. उंचीच्या हिशोबानं कुतुबमिनार आत उतरवला तरी वर १३० फूट उरतील. राणी व्हिक्टोरियाच्या वाढदिवशी, २४ मे १८६४ रोजी, विहीर खुली झाली. एक बादली वर यायला दहाएक मिनिटं लागत. देखभालीचा खर्च निघावा म्हणून बाजूला चेरीची बाग लावली. तिचं नाव ‘ईश्री बाग’, अर्थात महाराजांच्याच नावावरून. राखणदारासाठी छोटं घर बांधलं, माशाच्या आकाराचं तळंही केलं.

आपल्याला काशी म्हटलं की अहिल्याबाईंचे घाट आठवतात. दान करायला लोक बाहेरून तिथं जातात. इथं काशीचं दान उलट्या दिशेनं निघालं.

पुढे नळ आले आणि रहाट थांबला. १९६४ मध्ये विहिरीच्या शताब्दीला प्रिन्स फिलिप आले, तेव्हा काशीहून आणलेलं गंगाजल या विहिरीच्या पाण्यात मिसळण्यात आलं.