सिलिकॉनमधली अतिसूक्ष्म अशुद्धी: नमुना पाठवण्यापूर्वी एवढे वाचा

चिपसाठी लागणाऱ्या सिलिकॉनमध्ये तांबे, सोने, आर्सेनिक यांचे प्रमाण पीपीबीत मोजावे लागते. एक पीपीबी म्हणजे एका टनात एक मिलिग्रॅम. इतक्या बारीक कामात सर्वाधिक घोळ घालतो तो बाहेरून लागलेला मळ. नमुना आम्लात विरघळवला, की आम्लातली आणि भांड्यातली अशुद्धीही निकालात उतरते. म्हणून आम्ही न्यूट्रॉन सक्रियण विश्लेषण सुचवतो. जॉर्ज हेवेशी आणि हिल्डे लेव्ही या शास्त्रज्ञांनी १९३६ मध्ये कोपनहेगनला ही पद्धत शोधली.

यात नमुना विरघळवत नाहीत. संशोधन अणुभट्टीत न्यूट्रॉन शोषून काही अणू किरणोत्सारी होतात आणि ठरावीक ऊर्जेचे गॅमा किरण सोडतात: सोने ४१२ केईव्ही (हे ऊर्जेचे एकक), आर्सेनिक ५५९. द्रव नायट्रोजनने थंड ठेवलेला जर्मेनियम डिटेक्टर ते वेगवेगळे ओळखतो. सोबत ठेवलेल्या प्रमाणित नमुन्याशी तुलना करून प्रमाण काढतात.

सिलिकॉनला ही पद्धत फारच मानवते. त्याच्या स्वतःच्या किरणोत्साराचे अर्धायुष्य (तो निम्म्यावर यायला लागणारा वेळ) जेमतेम २.६ तास, त्यामुळे दोन दिवसांत तो जवळजवळ संपतो. सोन्याचे २.७ दिवस, आर्सेनिकचे २६ तास. ते मागे उरतात आणि स्वच्छ दिसतात. शिवाय भट्टीतून बाहेर आल्यावर लागलेली धूळ निकाल बिघडवत नाही, कारण ती किरणोत्सारी नसते. आधीपासून पृष्ठभागावर असलेला मळ तेव्हाच आम्लाने खरवडून काढता येतो. आमच्या मते या पद्धतीची खरी ताकद हीच.

लोहाचा आकडा मात्र लगेच मागू नका. त्याचे अर्धायुष्य ४४.५ दिवस, बाकीचा किरणोत्सार ओसरेपर्यंत काही आठवडे थांबून मोजले, तरच तो भरवशाचा. बोरॉन, कार्बन, ऑक्सिजन आणि शिसे यांसाठी ही पद्धत वापरू नका. फॉस्फरसचेही अवघडच, कारण न्यूट्रॉनच्या माऱ्याने सिलिकॉनचाच काही अंश फॉस्फरस होतो. त्यासाठी दुसरी चाचणी घ्यावी, आमच्याकडे नसली तरी.

नमुना पोलादी पात्याने कापू नका. हातही लावू नका, घामातले सोडियम लगेच दिसते. प्लॅस्टिकच्या चिमट्याने उचलून दोन स्वच्छ पॉलिथिन पिशव्यांत घाला आणि नाव बाहेरच्या पिशवीवरच लिहा. भट्टीत जाऊन आलेला तुकडा परत मिळणार नाही, म्हणून त्याच खेपेतला एक तुकडा स्वतःकडे राखून ठेवा.