लिव्हर-आर्म शॉक ॲब्सॉर्बर ठेवायचे की काढायचे: एका वादाची पार्श्वभूमी

एमजीबी किंवा मॉरिस मायनर यांसारख्या जुन्या ब्रिटिश गाडीचे शॉक ॲब्सॉर्बर घरच्या घरी बदलायचे ठरवले, की हत्यारे काढण्याआधीच एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. मूळचे लिव्हर-आर्म पद्धतीचे शॉक ॲब्सॉर्बर दुरुस्त करून परत बसवायचे, की त्यांच्या जागी नंतरच्या गाड्यांसारखे टेलिस्कोपिक (एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचे) घ्यायचे? ब्रिटनमधील जुन्या गाड्यांच्या मालकांत या प्रश्नावर वर्षानुवर्षे दोन तट आहेत. २०१८ नंतर त्याला कायद्याचीही किनार आली आहे.

उसळणाऱ्या स्प्रिंगला आवर घालणारी पहिली सोय घर्षणाची होती. एकमेकींवर दाबलेल्या चकत्या आणि मधला नट आवळून कमीजास्त करता येणारा दाब, एवढीच तिची रचना होती. तिचा दोष असा, की चकत्या जागच्या हलायला सर्वांत जास्त जोर लागे आणि एकदा सरकू लागल्या की विरोध कमी होई. त्यामुळे बारीक खडबडीत रस्त्यावर गाडी ताठ राही आणि मोठ्या खड्ड्यात नेमकी सैल पडे. अरुंद छिद्रातून ढकललेले तेल याच्या उलट वागते, कारण वेग वाढला की त्याचा विरोधही वाढतो. या गुणामुळे घर्षणाच्या चकत्या मागे पडल्या आणि तेलावर चालणारे शॉक ॲब्सॉर्बर रूढ झाले.

लिव्हर-आर्म हा त्यांतलाच एक प्रकार. ओतीव धातूच्या बंद डब्यात तेल, पिस्टन आणि झडपा असतात, आणि डब्यातून आरपार जाणाऱ्या शाफ्टच्या बाहेरील टोकाला आर्म बसवलेला असतो. १९४८ साली आलेल्या मॉरिस मायनरमध्ये (आपल्याकडे हीच गाडी ‘बेबी हिंदुस्थान’ या नावाने आली) आणि १९६२ सालच्या एमजीबीमध्ये पुढच्या आर्मवर दुहेरी काम सोपवलेले होते. तो डब्यातले तेल तर दाबतोच, शिवाय सस्पेन्शनचा वरचा दुवाही, म्हणजे चाकाला वरून गाडीशी जोडणारा भागही, तोच असतो. सुटे भाग वाचवणारी ही रचना माझ्या मते त्या काळातील अतिशय नेटकी अभियांत्रिकी आहे. घरी काम करणाऱ्याच्या दृष्टीने मात्र तिचा एक गंभीर परिणाम आहे. स्वतंत्र वरचा दुवा असलेल्या गाडीत टेलिस्कोपिक शॉक ॲब्सॉर्बर काढला तरी चाक दुव्यांच्या आधाराने जागेवर राहते. एमजीबीत वरच्या जोडाचा बोल्ट निघाला, की दाबलेल्या स्प्रिंगला वरून धरून ठेवणारे काहीच उरत नाही. म्हणून स्प्रिंगखालच्या पॅनला भक्कम आधार दिल्यावाचून त्या बोल्टला पाना लावायचा नसतो, आणि सुटलेल्या हबचा (चाक बसते त्या भागाचा) भार ब्रेकच्या रबरी नळीवर येऊ द्यायचा नसतो. मायनरमध्ये कॉइल स्प्रिंगऐवजी टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेऊन स्प्रिंगचे काम करणारी दांडी, आहे. तिथेही खालच्या आर्मला आधार तितकाच आवश्यक असतो.

टेलिस्कोपिकची मागणी वाढली ती लिव्हर-आर्मची रचना चुकीची होती म्हणून नव्हे, असे या विषयाचा इतिहास पाहताना ठामपणे म्हणावेसे वाटते. खरे कारण झिजेत आहे. एमजीबीच्या शॉक ॲब्सॉर्बरमध्ये शाफ्ट थेट डब्याच्या धातूतच फिरतो, मध्ये वेगळी बुश (झीज सोसणारी बारीक नळी) नसते. काही वर्षांत ते छिद्र लंबगोल होते, सील तेल धरू शकत नाही आणि डब्यात हवा शिरते. जुना नग देऊन दुरुस्त नग घेण्याची पद्धत ब्रिटनमध्ये रुजलेली होती, पण त्या साखळीतील बऱ्याच दुरुस्त्या नवा सील, ताजे तेल आणि वरून रंग इथपर्यंतच थांबत. छिद्र वाढवून त्यात बुश बसवल्याशिवाय असा नग टिकत नाही. घरी नेऊन बसवलेला ‘दुरुस्त’ शॉक ॲब्सॉर्बर लवकरच पुन्हा गळू लागला, की मालक साहजिकच रचनेला दोष देई. पुढे झालेली तुलना बहुतांशी झिजलेला लिव्हर-आर्म आणि कोरा टेलिस्कोपिक यांच्यातली होती, आणि तिचा निकाल आधीच ठरलेला होता.

टेलिस्कोपिकच्या बाजूने मात्र एक वजनदार पुरावा आहे, आणि तो खुद्द उत्पादकानेच दिलेला आहे. एमजीबीच्याच बॉडीवर १९६७ साली आणलेल्या एमजीसीला पुढच्या बाजूला टेलिस्कोपिक शॉक ॲब्सॉर्बर दिलेले होते. उलट १९७१ साली बाजारात आलेल्या मॉरिस मरिनाच्या पुढच्या बाजूला मायनरच्या वळणाचेच लिव्हर-आर्म कायम ठेवले गेले, आणि १९७३ सालच्या आठ सिलिंडरच्या एमजीबीतही ते टिकले. त्यामुळे ‘त्या काळाला धरून काय’ या कसोटीवर दोन्ही बाजूंना आपापले दाखले सापडतात. लिव्हर-आर्मऐवजी टेलिस्कोपिक बसवण्यासाठी बाहेरच्या पुरवठादारांनी आणलेल्या संचांचा प्रश्न वेगळा आहे. पुढच्या बाजूच्या काही संचांत जुन्या डब्यातल्या झडपा काढून त्याला नुसती बिजागरी म्हणून ठेवतात आणि टेलिस्कोपिक शेजारी जोडतात. म्हणजे झिजलेला शाफ्ट जिथल्या तिथेच राहतो. मागच्या संचात ब्रॅकेट जुन्याच दोन बोल्टांच्या जागी बसते आणि शॉक ॲब्सॉर्बर तिरका राहतो. त्याची लांबी जुळली नाही, तर सस्पेन्शनची हालचाल शेवटी अडवणाऱ्या रबरी बंपस्टॉपच्या आधी तोच तळाला टेकतो आणि धक्का ब्रॅकेटवर येतो.

मे २०१८ पासून ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांहून जुन्या बहुतेक गाड्यांना वार्षिक तपासणीतून सूट मिळाली. तिची अट अशी, की गेल्या तीस वर्षांत गाडीत ‘भरीव बदल’ झालेला नसावा. शासकीय मार्गदर्शक सूचनांनुसार सस्पेन्शनचा प्रकार किंवा पद्धत बदलणे हा भरीव बदल ठरतो. त्याच सूचनांत कार्यक्षमता, सुरक्षितता किंवा पर्यावरण यांच्या दृष्टीने केलेले सुधार वगळले आहेत, आणि ते मॉडेल तयार होत असताना किंवा उत्पादन थांबल्यानंतरच्या दहा वर्षांत त्या प्रकारच्या गाड्यांवर होत असल्याचे दाखवता येतील असे बदलही वगळले आहेत. मागे ब्रॅकेट जोडून टेलिस्कोपिक बसवणे सुरक्षिततेच्या सवलतीत बसवता येते. पण पुढचा डबा काढून त्या जागी स्वतंत्र वरचा दुवा बसवला, तर सस्पेन्शनची पद्धतच बदलली असे म्हणायला जागा राहते. सूट घेताना पात्रतेची घोषणा गाडी ज्याच्या नावावर आहे त्यालाच करायची असल्याने हा निर्णयही त्याच्याच माथी येतो.

मूळ नग ठेवायचा असेल, तर उपयोगी पडणारी तपासणी जुन्या पद्धतीचीच आहे. डबा काढून व्हाइसमध्ये उभा पकडायचा, भरणीच्या प्लगभोवतीची माती आधी पुसून घ्यायची, कारण आत पडलेला कण झडपेत अडकतो, आणि तेल भरून आर्म वरपासून खालपर्यंत अनेकदा फिरवायचा. दोन्ही दिशांना सलग, एकसारखा विरोध जाणवला तर डबा ठीक आहे. सुरुवातीला पोकळ वाटून नंतर विरोध आला तर हवा राहिली आहे, आणि पुनःपुन्हा फिरवूनही ती पोकळी जात नसेल किंवा शाफ्ट डब्यात आडवा हलत असेल तर तो नग बुश बसवून देणाऱ्या कारागिराकडेच पाठवावा लागतो.